सव्वा घटकेचे वैर

कालप्रवासी प्रेमकथेला तीन गोष्टी लागतात. काळ ओलांडण्याचे साधन, एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेली दोन माणसे, आणि आंघोळ-पाण्याची चौकशी कुणी करणार नाही असे एखादे रोमहर्षक शतक. साधनावर लेखक फारसा खर्च करत नाहीत. डायना गॅबल्डन यांच्या ‘आउटलँडर’ (१९९१) या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धातून परतलेली परिचारिका स्कॉटलंडमधल्या उभ्या शिळांपाशी जाते आणि दोनशे वर्षे मागे पडते. ज्यूड डेव्हरॉ यांच्या ‘अ नाइट इन शायनिंग आर्मर’ (१९८९) मध्ये त्याहून स्वस्तात भागते. नायिका एका सरदाराच्या थडग्यापाशी रडते आणि सोळाव्या शतकातला तो सरदार तिच्यासमोर उभा राहतो. ‘२४’ (२०१६) या तमिळ चित्रपटात कालयंत्र म्हणजे चक्क मनगटी घड्याळ आहे. नायक घड्याळे दुरुस्त करणारा आहे, आणि हाती आलेल्या या महान शोधाचा उपयोग तो नायिकेवर छाप पाडण्यासाठीही करतो.

पुढचा भाग सगळीकडे सारखाच. ती त्याला रानटी समजते, तो तिला हेर किंवा चेटकीण समजतो. दोघांची घराणी, पक्ष किंवा राज्ये एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात. मग कुणीतरी पाठलाग करते, एकच घोडा शिल्लक राहतो, आणि वैराचा निकाल लागतो.

मराठीत हा प्रकार रुजला नाही, याला कारण आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक ट्रकच्या धडकेने अशा एका इतिहासात जाऊन पोहोचतात, जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. एवढी संधी चालून आल्यावर गंगाधरपंत ग्रंथालयात बसून संदर्भ तपासतात. नंतर आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षांची रिकामी खुर्ची दिसताच तिच्यावर जाऊन बसतात, भाषण सुरू करतात आणि श्रोत्यांचा मार खातात. कथेत नायिका नाही. मराठी माणसाला इतिहासात मोकळे सोडले तर तो प्रेमात पडण्याआधी व्यासपीठावर चढतो.

या सर्व वाङ्मयात एक उणीव मात्र समान आहे. त्यात शतके बदलतात, पण किती वाजले हे कुणी विचारत नाही. सोळाव्या शतकातला सरदार विसाव्या शतकात येतो तेव्हा त्याला मोटार दाखवतात, दात घासायचा ब्रश दाखवतात, घड्याळ मात्र कुणी जुळवून देत नाही. भारतात याच्या बरोबर उलट घडले. इथे दोन वेगवेगळ्या काळांत राहणाऱ्या दोन प्रतिस्पर्ध्यांची खरीखुरी कथा होऊन गेली. तिच्यात अंतर शतकांचे नव्हते, अर्ध्या तासाचे होते. वैर शंभर टक्के अस्सल होते, आणि सरकारी कागदपत्रांत त्याची नोंद आहे. एका पात्राचे नाव मुंबई, दुसऱ्याचे मद्रास. तिची सुरुवात झाली ती आजच्या चेन्नईतल्या एग्मोर भागात.

१७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम पेट्री नावाचा अधिकारी एग्मोरला राहत होता. त्याला ताऱ्यांचा नाद होता. त्याने स्वतःच्या बंगल्यातच लोखंड आणि लाकूड वापरून खाजगी वेधशाळा उभारली, तीत दुर्बिणी बसवल्या आणि जॉन शेल्टन या इंग्रज कारागिराने बनवलेली लंबकाची घड्याळे आणून ठेवली. कंपनीचे बाकीचे अधिकारी ज्या वेळात पैसा करत, त्या वेळात हा गृहस्थ गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे मोजत असे. कंपनीलाही या नादाचा उपयोग होताच. किनारा नकाशावर नेमका कुठे आहे हे कळले नाही तर जहाजे त्याच्यावर आपटतात, आणि नकाशावर पूर्व-पश्चिम जागा ठरवायची तर अचूक वेळ माहीत असावी लागते. १७८९ मध्ये पेट्रीने ही सामग्री कंपनीला देऊन टाकली. १७९२ मध्ये मायकेल टॉपिंगच्या देखरेखीखाली शेजारच्या नुंगमबाक्कमला सरकारी वेधशाळा बांधून झाली. तिथला ग्रॅनाइटचा खांब अजून उभा आहे.

प्रेमकथेच्या दृष्टीने एग्मोरची ही दहा-पंधरा वर्षे वाया गेली, हे मान्य करावे लागेल. स्थळ तर तयार होते. आज जिथे सरकारी संग्रहालय आणि कॉनेमारा ग्रंथालय आहे, त्या पँथिऑनच्या आवारात तेव्हा साहेबलोकांचे नाच, मेजवान्या आणि नाटके होत. १७९३ मध्ये हे आवार शहराच्या सार्वजनिक करमणुकीची व्यवस्था पाहणाऱ्या एका समितीकडे सोपवले गेले. म्हणजे प्रेमात पडण्याचेही कामकाज समितीमार्फत चाले. त्याच वर्षी तंजावरचा पंधरा-सोळा वर्षांचा मराठी राजपुत्र सरफोजी मद्रासला आला. गादीवर बसलेल्या चुलत्याची, अमरसिंगाची, त्याच्यावर वक्रदृष्टी होती, म्हणून श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याने त्याला आणि दिवंगत तुळजाजी राजांच्या राण्यांना सुरक्षित जागी हलवले होते. एग्मोरला लागून असलेल्या वेपेरीच्या मिशनचा गेरिके त्याला शिकवत असे. तरुण, गादीपासून वंचित राजपुत्र, कपटी चुलता, जवळच नाचघर आणि फार दूर नसलेली वेधशाळा! एखाद्या इंग्रज लेखिकेने एवढ्यावर सहा खंड काढले असते. सरफोजीने मात्र अभ्यास केला, १७९८ मध्ये गादी मिळवली, आणि पुढचे आयुष्य सरस्वती महाल ग्रंथालयासाठी पोथ्या, यंत्रे आणि ग्रंथ जमवण्यात घालवले. मराठी नायकाबद्दल वर केलेले विधान त्याला बहुतेक सगळे लागू पडते.

खरी कथा पेट्रीच्या घड्याळांनी पुढे नेली. वेधशाळेचा खगोलज्ञ जॉन गोल्डिंगहॅम याने १८०२ मध्ये हिशेब मांडला तो असा, की मद्रासची वेळ ग्रीनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे १४ सेकंद आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. मद्रास ८० अंशांच्या थोडे पुढे आहे आणि मुंबई ७३ अंशांच्या थोडे अलीकडे, म्हणून मुंबईत माध्यान्ह मद्रासनंतर अर्ध्या तासाने होते. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे इतकी धरली जाई. जुन्या मराठी मापाने दोन्ही शहरांत नेमकी सव्वा घटकेची तफावत, कारण एक घटका चोवीस मिनिटांची.

शहरे आपापल्या सूर्यावर चालत होती तोवर हा फरक कुणाच्या नजरेत भरला नाही. बैलगाडीतून मुंबई ते मद्रास जाणाऱ्या माणसाला अर्धा तास इकडे-तिकडे झाल्याची खबर लागत नसे. त्याचे दोन महिने इकडे-तिकडे झालेले असत. वैराची ठिणगी पडली ती रेल्वेमुळे. गाड्यांना एकच वेळापत्रक हवे होते, आणि पश्चिमेला मुंबई, पूर्वेला कलकत्ता अशा दोन टोकांमध्ये मद्रासची वेळ साधारण मध्यावर पडत होती. शिवाय तिच्यामागे वेधशाळा होती, तारेवरून बिनचूक वेळ पाठवण्याची सोय होती, आणि किल्ल्यावर रात्री आठची तोफ उडवण्याइतका आत्मविश्वासही होता. १८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. दुसऱ्याच वर्षी मुंबईकडून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि मद्रासकडून येणारा मद्रास रेल्वेचा मार्ग रायचूरला येऊन मिळाले. रुळांनी एकमेकांचा हात धरला. घड्याळांनी धरला नाही.

याचा परिणाम असा झाला, की मुंबईत कालयंत्र बोरीबंदरला बसवले गेले. बाहेर रस्त्यावर मुंबईची वेळ, आत फलाटावर मद्रासची. दारातून आत पाऊल टाकले की माणूस अर्धा तास भविष्यात जाई आणि बाहेर पडला की अर्धा तास तरुण होई. शिळांना हात लावणे नाही, थडग्यापाशी रडणे नाही. रडण्याचा प्रसंग गाडी सुटल्यावर येई.

या काळात एक मुंबईकर स्त्री आणि एक मद्रासी पुरुष यांची गाठ पडली असती तर काय झाले असते, हे आता शास्त्रशुद्ध रीतीने पाहता येईल. पुरुष शक्यतो तंजावरकडच्या मराठी घराण्यातला घ्यावा, म्हणजे भाषेचा प्रश्न सुटतो. अशी माणसे त्या काळात खरोखर ये-जा करत होती. कुंभकोणमला जन्मलेले, मद्रासला शिकलेले टी. माधवराव त्रावणकोर आणि इंदूरनंतर १८७५ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले. आपला नायक दिवाण नाही. तो रेल्वेच्या हिशेब खात्यातला कारकून आहे, कारण घड्याळाबाबतचा कडवेपणा कारकुनाला अधिक शोभतो. नायिका गिरगावातली, बाप मास्तर, स्वभाव तसाच. दोघांचे पाच वाजता बोरीबंदरला भेटायचे ठरते. तो बरोबर पाचला येतो. ती बरोबर पाचला येते. तेव्हा फलाटावरच्या घड्याळात साडेपाच झालेले असतात.

“तुम्ही अर्धा तास उशिरा आलात,” तो म्हणतो.

“मुळीच नाही. राजाबाई टॉवरचे टोल ऐकत आले मी. पाच म्हणजे पाच.”

“बाई, ते टोल मुंबईचे. अख्खा हिंदुस्थान मद्रासच्या वेळेवर चालतो.”

“मग अख्ख्या हिंदुस्थानालाच बोलवायचे होते भेटायला.”

दोघेही खरे बोलत आहेत, आणि हेच या कथेचे वेगळेपण. एरवी प्रेमिकांत गैरसमज व्हावा म्हणून लेखकाला एखादे पत्र हरवावे लागते, नाहीतर दुष्ट मावशी आणावी लागते. इथे ते काम रेल्वेच्या वेळापत्रकाने विनामूल्य केले आहे. पुढे नायक रागाने मद्रासला परत जातो. तिथून संध्याकाळी पाचला तिला संबंध तोडत असल्याची तार करतो. तारेला दहा मिनिटे लागली असे धरले, तर ती गिरगावात पोहोचते तेव्हा तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटे झालेली असतात. म्हणजे नकार पाठवण्याच्या वीस मिनिटे आधी मिळतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात काही चमत्कार नाही, पण दुखावलेल्या बाईला मनधरणीची तार करायला एवढी वीस मिनिटे पुरतात.

या दोन वेळांचे लग्न लावून देण्याचा पहिला प्रयत्न मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये केला. त्यांनी सरकारी कामकाजासाठी मुंबईत मद्रासची वेळ लागू केली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते हेच. विद्येच्या क्षेत्रात लोकांनी त्यांना जो मान दिला तो घड्याळाच्या क्षेत्रात दिला नाही. कचेऱ्या एका वेळेवर आणि बाजार दुसऱ्या वेळेवर असा प्रकार सुरू झाला. मुंबईला आपल्या डोक्यावरचा सूर्य सोडून परक्या शहराच्या सूर्यावर जेवायला बसणे मंजूर नव्हते. १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली. ठरलेले लग्न मोडल्यावर दोन्ही घराणी जशी वागतात, तशी दोन्ही शहरे पुढची वीस-बावीस वर्षे वागली. एकमेकांचे नाव काढायचे नाही आणि एकमेकांवरची नजरही हटवायची नाही.

मग सरकारने मध्यस्थ आणला. १ जानेवारी १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरची वेळ देशाची प्रमाणवेळ ठरली, ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. कागदावर हा तोडगा निःपक्षपाती होता. दोघांनीही आपले घड्याळ सोडून तिसऱ्याचे घ्यायचे. प्रत्यक्षात मद्रासला काटे जेमतेम नऊ मिनिटे पुढे सरकवायचे होते आणि मुंबईला एकोणचाळीस. तडजोडीत एका बाजूने नऊ आणि दुसऱ्या बाजूने एकोणचाळीस सोडावे लागतात तेव्हा दुसऱ्या बाजूला ती तडजोड वाटत नाही. कलकत्त्याचे दुखणे आणखी निराळे होते. ते सर्वांच्या पुढे असल्याने त्याला सुमारे चोवीस मिनिटे मागे यायचे होते. बंगाली माणसाला मागे यायला सांगणे, तेही वंगभंगानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, हे धाडस सरकारने का केले हे समजणे कठीण आहे.

मद्रासने काटे सरकवले. मुंबईत दगड पडले. जानेवारी १९०६ मध्ये एका कापड गिरणीत नव्या वेळेमुळे कामगार भडकले. त्यांची तक्रार अगदी सरळ होती. भोंगा घड्याळाप्रमाणे होतो पण उजाडते सूर्याप्रमाणे. काटे एकोणचाळीस मिनिटे पुढे गेले म्हणजे कामगाराला एकोणचाळीस मिनिटे जास्त अंधारात उठावे लागणार. सभा झाल्या, अर्ज झाले. हिंदू, मुसलमान, पारशी, सर्वांनी आपापल्या उपासनेच्या वेळा पुढे केल्या. सर्व धर्मांचे एकमत होण्याचे जे मोजके प्रसंग मुंबईच्या इतिहासात आहेत, त्यांत घड्याळाला दिलेला नकार गणावा लागतो. महानगरपालिकेने आपली घड्याळे मुंबईच्या वेळेवरच ठेवली. रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळेवर गेल्या.

वैर अशा तऱ्हेने मिटले नाही, नुसते घरात आले. आता मुंबईला मद्रासशी भांडायचे कारण उरले नव्हते, म्हणून ती स्वतःशी भांडू लागली. नाटकाच्या, सभेच्या किंवा लग्नाच्या निमंत्रणात वेळ कुठली ते सांगावे लागे. न सांगितले तर अर्धे पाहुणे मंगलाष्टकांना आणि उरलेले थेट पंगतीला येत. पंगतीला येणाऱ्यांनी या संदिग्धतेविरुद्ध कधी तक्रार केली असेल असे वाटत नाही. स्वातंत्र्य मिळाले, संस्थाने विलीन झाली, तरी मुंबईच्या वेळेचा हट्ट काही काळ टिकून होता. कलकत्त्याने १९४८ मध्ये आपली वेळ सोडली. मुंबईने त्याच्याही नंतर, आणि कुठलाही समारंभ न करता.

एग्मोरच्या वाट्याला या सगळ्यातून काय आले? फारसे काही नाही. वेधशाळेचे खगोलशास्त्रीय काम १८९९ मध्ये कोडाइकनालला गेले. मद्रासची वेळ १९०६ मध्ये संपली. एग्मोरचे भव्य रेल्वे स्थानक, लाल-पांढरे, घुमटांचे, इंडो-सारासेनिक थाटाचे, १९०८ मध्ये खुले झाले. ज्या भागात मद्रासच्या घड्याळांनी पहिल्यांदा ताऱ्यांवरून वेळ लावली, त्या भागाला स्टेशन मिळाले ते ती वेळ रद्द झाल्यावर दोन वर्षांनी. पुढे कित्येक वर्षे दादरहून थेट एग्मोरला येणारी गाडी धावत असे. तिच्यातून उतरणाऱ्या मुंबईकरांना घड्याळ पुढे करावे लागत नसे. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी याच प्रवासावरून केवढा तंटा झाला होता याचा त्यांना पत्ता नसे. त्यांचा तंटा असे तो रिक्षावाल्याशी, भाड्यावरून. १९०९ पासून स्टेशनसमोर सरकारी दफ्तरखाना आहे. कंपनीच्या मद्रास कारभाराचे जुने कागद तिथे जपलेले आहेत. घड्याळाच्या काट्यांसाठी माणसे किती मनापासून भांडली हे पाहायचे असेल, तर कादंबरी लिहू इच्छिणाऱ्याने असल्याच दफ्तरांत बसावे. शिळा शोधत स्कॉटलंडला जाण्यापेक्षा ते स्वस्तही पडते.

सरकारी वेळ एक झाली म्हणून सूर्य-चंद्रांनी काही आपला क्रम बदललेला नाही. ते अजून जुन्याच वेळा पाळतात. चेन्नईत सूर्य मुंबईच्या साधारण अर्धा तास आधी उगवतो, राहुकाळही त्याच हिशेबाने आधी येतो. पंचांगकर्त्यांनी हे भांडण कधीच मिटवले नाही. ते गावोगावच्या उदयास्ताचे वेगळे आकडे छापतात, आणि तेच बरोबर आहे. संकष्टीचा उपास असतो तेव्हा हा फरक पोटाला कळतो. ऋतूप्रमाणे काही मिनिटे कमी-जास्त होतात, पण चतुर्थीचा चंद्र चेन्नईत मुंबईच्या आधीच वर येतो. तेव्हा चेन्नईतल्या मराठी घरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातला मुंबईचा चंद्रोदय पाहून ताटे वाढू नयेत. चेन्नईचा आकडा पाहावा आणि मोदक अर्धा तास आधी खावेत. मुंबईच्या नातेवाइकांना ते फोनवर सांगावे की नाही, हा ज्याच्या-त्याच्या घराण्याचा प्रश्न आहे.